पाच वर्षं न जेवलेला आयसोपॉड : खाडीत मिळेल का, घरी ठेवता येईल का?

ऐरोलीच्या एका वाचकाचे तीन प्रश्न आहेत. जपानमधला महाकाय आयसोपॉड (खोल समुद्राच्या तळाशी राहणारा, चिंबोरी-कोळंबीचा कवचधारी नातलग) खरंच पाच वर्षं उपाशी जगला का? तो ठाणे खाडीत सापडेल का? आणि घरच्या टाकीत ठेवता येईल का?

जगला, हे खरं आहे. जपानच्या टोबा मत्स्यालयातल्या ‘नंबर 1’ नावाच्या आयसोपॉडने 2 जानेवारी 2009 ला 50 ग्रॅम मासळी खाल्ली, त्यानंतर अन्नाला तोंड लावलं नाही आणि 14 फेब्रुवारी 2014 ला तो मेला. पण याला उपासाचा विक्रम म्हणू नये. हा प्राणी राहतो तिथे पाणी साधारण 4 अंशांचं, त्यामुळे शरीराचा खर्चच कमी. अन्न वरून पडेल तेव्हा: मेलेला मासा, माकूल, कधीतरी देवमासा. म्हणून सापडलं की हलता येणार नाही इतकं खातो आणि चरबी साठवतो. 2019 मध्ये मेक्सिकोच्या आखातात सुमारे 2 किलोमीटर खोलीवर संशोधकांनी मेलेल्या मगरी सोडल्या होत्या. एक दिवस उलटायच्या आत हे आयसोपॉड तिथे पोहोचून मगरीचं जाड कातडं फोडून आत शिरले होते.

कात टाकण्याची पद्धत तर फारच सुंदर आहे. चिंबोरी कवच टाकते तेव्हा सगळीच्या सगळी मऊ पडते, म्हणून बिळात लपून बसते. आयसोपॉड आधी मागचा अर्धा भाग सोलतो, पुढचा नंतर, म्हणजे अर्धं अंग कायम टणक राहतं. मादी पोटाखालच्या पिशवीत अंडी वाढवते. पिल्लं बाहेर येतात ती हुबेहूब मोठ्यांसारखी, फक्त सात जोड्यांपैकी पायांची शेवटची जोडी अजून फुटलेली नसते.

खाडीत मात्र शोधू नका. तिथलं पाणी उथळ, कोमट आणि गढूळ. मुंबईसमोरची पाण्याखालची उथळ जमीन तीनेकशे किलोमीटर रुंद आहे, खरा खोल समुद्र तिच्या पलीकडे. भाऊबंद मात्र जवळच आहेत. बांगड्याचे कल्ले उघडल्यावर कधी आत चिकटलेला पांढुरका किडा दिसतो, तो आयसोपॉडच. कुंडी उचलल्यावर अंगाची गोळी करणारा राखाडी किडाही याच घराण्यातला.

घरी ठेवायचा विचार सोडा, हे मी कळकळीने सांगतो. लोकांना दाबाची भीती वाटते, पण या प्राण्याला माशासारखी हवेची पिशवी नसते, त्यामुळे साध्या दाबाखाली तो जगतो. मत्स्यालयं तसंच ठेवतात. खरी अडचण गारव्याची. पाणी चोवीस तास 4 ते 10 अंशांवर ठेवायला खऱ्या ताकदीचा चिलर (पाणी गार करणारं यंत्र) हवा, आणि नवी मुंबईच्या दमट हवेत साध्या काचेवर इतकं पाणी सुटेल की स्टँडसुद्धा कुजेल. मे महिन्यात एक दुपार वीज गेली की खेळ संपला. शिवाय गार पाण्यात फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू मंदावतात. मासळीचा तुकडा दोन दिवस पडून राहिला तर विषारी अमोनिया वाढतो, आणि हा प्राणी तर महिनोन्‌महिने तोंड लावत नाही. त्यामुळे न खाल्लेला तुकडा त्याच दिवशी चिमट्याने काढावाच लागतो. प्रखर दिवाही नको. त्याच्या प्रत्येक डोळ्यात सुमारे 4000 भिंगं असतात आणि मागे मांजरासारखा चमकणारा थर असतो, तो जवळजवळ अंधारासाठी घडलेला डोळा आहे.