सुट्टीत तीनच कामं काढा

एक नक्षीचं, एक डोकं न लावता विणायचं आणि एक गोधडी, एवढं पुरे. विणकाम ठेवताना ओळ पूर्ण करूनच ठेवा; अर्ध्यावर सोडलं की पुन्हा घेताना उलट दिशेने विणलं जातं आणि तिथे भोक पडतं. सुईचा नंबर, ओळ, लोकरीचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाका. सुया दुसऱ्या कामाला पळवल्या जातातच!

गोधडीचे तुकडे मात्र एका बैठकीत कापा. ३ इंची चौकोनासाठी ३.५ इंच, म्हणजे चारी बाजूंना पाव इंच शिलाईला. प्रत्येक शिलाई १ मिलिमीटर जास्त आत गेली, तर दोन्ही तुकड्यांतून मिळून जोडाला २ मिलिमीटर, म्हणजे १० जोडांत २ सेंटिमीटर जातात आणि कोपरे जुळत नाहीत. गोधडीचे थर लावून ठेवायचे असतील तर टाचण्यांऐवजी कच्चा धावदोरा घाला. टाचण्यांचे गंजाचे डाग सहजी निघत नाहीत.