सोपयूआय (वेब सर्व्हिसेस तपासायचं साधन) सेव्ह करताना हँग झालं आणि प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल ० केबीची झाली. टेस्ट केसेस परत मिळतील का?

बऱ्याचदा मिळतात. पण आधी एक पथ्य पाळा: त्या प्रोजेक्टवर पुन्हा सेव्ह करू नका. यूआय सेटिंग्जमधला 'क्रिएट बॅकअप' पर्याय चालू असेल, तर सोपयूआय प्रत्येक सेव्हच्या आधी डिस्कवरच्या फाइलची प्रत काढतं आणि तिच्या नावाला शेवटी 'डॉट बॅकअप' जोडतं. ही प्रत एकच असते. बिघडलेल्या फाइलवर एकदा जरी सेव्ह दाबलंत, तरी चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत बसते. तेव्हा सोपयूआय बंद करा, सेव्ह करायचं का असं विचारलं तर 'नो' म्हणा आणि अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. पुढची सगळी खटपट त्या कॉपीवरच.

आता फोल्डरमध्ये दोन गोष्टी शोधा. 'डॉट बॅकअप'वाली फाइल, आणि 'प्रोजेक्ट-टेंप'ने सुरू होणारी एक्सएमएल. सोपयूआय आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं, मग मूळ फाइलमध्ये लिहितं आणि ते नीट झालं की तात्पुरती फाइल पुसतं. मध्येच अडकलं तर तुमचं अगदी ताजं काम त्या तात्पुरत्या फाइलमध्ये असू शकतं. जी फाइल धड असेल तिला नवं नाव द्या, शेवट डॉट एक्सएमएल ठेवा आणि 'इंपोर्ट प्रोजेक्ट'ने उघडा. बॅकअप शेजारी दिसला नाही, तर सेटिंग्जमध्ये 'बॅकअप फोल्डर' वेगळा दिलाय का ते बघा. विंडोजमधल्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्येही डोकावा.

फाइल रिकामी नाही पण उघडत नाही, असं असेल तर ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून थेट शेवटी जा. मूळ, म्हणजे सगळ्यात बाहेरचा, 'सोपयूआय-प्रोजेक्ट' टॅग बंद झालेला दिसायला हवा. तिथे एखादी रिक्वेस्ट अर्ध्या शब्दावर तुटलेली दिसली, तर शेवटच्या पूर्ण टेस्ट सूटच्या क्लोजिंग टॅगपर्यंत वर या, त्याखालचं सगळं काढा आणि मूळ टॅग हाताने बंद करा. एक्सएमएललिंट (एक्सएमएलची रचना तपासणारी कमांड) चालवलंत तर नेमकी कुठली ओळ चुकतेय ते कळतं. लक्षात ठेवा, मॉक सर्व्हिसेस, प्रोजेक्ट प्रॉपर्टीज आणि डब्ल्यूएस-सिक्युरिटीची मांडणी फाइलमध्ये टेस्ट सूट्सच्या खाली असते. खालचं काढलंत की तेही जातं, म्हणून ते पुन्हा भरावं लागेल. गिट (फाइलच्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरत असाल तर मर्ज कॉन्फ्लिक्टच्या, म्हणजे दोन आवृत्त्या जोडताना न जुळलेल्या भागांच्या, खुणाही शोधा. तशी एक ओळ राहिली तरी प्रोजेक्ट उघडत नाही, आणि हा बिघाड दोन मिनिटांत सुटतो.

वर्कस्पेसची फाइल बिघडली असेल तर घाबरू नका. तिच्यात प्रोजेक्ट्सचे फक्त पत्ते असतात.

फाइल फुगलेली असेल तर सेव्ह करताना मेमरी संपण्याचा धोका वाढतो. रिक्वेस्टला अटॅचमेंट जोडताना 'कॅश करू का' विचारलं की 'नो' म्हणा, नाहीतर ती अख्खी प्रोजेक्टच्या एक्सएमएलमध्ये जाऊन बसते. जावाची कमाल मेमरी व्हीएम-ऑप्शन्स फाइलमध्ये वाढवता येते. नेटवर्क ड्राइव्हवरून थेट काम करणंही टाळा. लिहिता लिहिता जोडणी तुटली की फाइल अर्धवट राहते.

बॅकअपसाठी क्रिएट बॅकअप चालू ठेवाच, पण एकाच प्रतीवर विसंबू नका. रोज काम संपल्यावर गिटमध्ये कमिट करा आणि प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक्सएमएललिंट बसवा, म्हणजे तुटलेली फाइल आत जाणारच नाही. ० केबीची फाइलही तिथेच अडते. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर ताजा क्लोन घेऊन टेस्टरनरने (सोपयूआयच्या टेस्ट्स कमांड लाइनवरून चालवणाऱ्या साधनाने) सगळे सूट्स चालवून बघा. तुमच्याच मशीनवरच्या सीएसव्ही किंवा कीस्टोअरचा पूर्ण पाथ कुठे दिला असेल, तर तो तेव्हाच उघडा पडतो.