महासत्ता की महाशक्ती?

अमेरिकेच्या लष्करी ताकदीच्या बातम्यांत कधी ‘महासत्ता’ तर कधी ‘महाशक्ती’ असं छापून येतं. हे दोन्ही शब्द एकच का, आणि जग बहुध्रुवीय, म्हणजे अनेक सत्ताकेंद्रांचं, होत असताना चीनसाठी यातला कोणता वापरावा, अशी विचारणा झाली आहे.

माझ्या मते ते एक नाहीत, आणि हा फरक मराठीने हातचा घालवू नये. हिंदीत ‘महाशक्ति’ रूढ आहे. तिथूनच तो शब्द आपल्या बातम्यांत शिरला असावा. मराठीत शक्ती अंगात असते, सत्ता मात्र दुसऱ्यावर चालते. ‘चाले हें शरीर कोणाचिये सत्ते’ असं तुकोबा विचारतात, तेव्हा त्यांना नुसतं बळ अभिप्रेत नसतं. ज्याच्या हुकमाने दुसरा हलतो, ती सत्ता.

‘सुपरपॉवर’ या मूळ इंग्रजी संज्ञेचा रोखही हाच आहे. १९४४ मध्ये विल्यम फॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने ती अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन या तिघांना लावली. त्याची कसोटी दुहेरी होती: बळ मोठं हवं, आणि ते दूरवर नेऊन वापरताही यायला हवं.

या तिघांतला ब्रिटन बारा वर्षांतच गळाला. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रिटिश आणि फ्रेंच छत्रीधारी सैनिक कालव्याच्या तोंडावरच्या पोर्ट सैदला उतरले. रणांगणावर त्यांची सरशी होत होती. पण पौंड घसरू लागला, आणि ब्रिटनने माघार घेतल्याशिवाय नाणेनिधीची मदत मिळणार नाही, अशी भूमिका अमेरिकेने घेतली. ६ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्धबंदी मान्य केली, डिसेंबरात फौजा परतल्या आणि जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. विमानं, जहाजं, सैनिक, सगळं जागच्या जागी होतं; हुकूम मात्र वॉशिंग्टनचा चालला. हा प्रसंग सांगायला ‘महाशक्ती’ हा शब्द अपुरा पडतो.

आता चीनकडे वळू. लढाऊ जहाजांची नुसती संख्या मोजली तर चिनी नौदल अमेरिकेच्या पुढे आहे, आणि खडं सैन्यही चीनचंच मोठं. म्हणून ‘लष्करी शक्ती’ हा शब्द त्याला निःसंशय शोभतो. पण अमेरिकेकडे ११ विमानवाहू नौका आहेत, चीनकडे तीन. अमेरिकेची एक विमानवाहू नौका जपानमधल्या योकोसुकालाच तैनात असते, पाचव्या आरमाराचं मुख्यालय बहारीनमध्ये आहे, आणि हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटावरचा तळ आहेच. चीनने परदेशातला पहिला तळ उघडला तो २०१७ मध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या जिबुतीला. स्वतःच्या किनाऱ्यापासून दूर त्याची सत्ता कितपत चालते, हे अजून ठरायचं आहे. तोवर मी ‘उदयोन्मुख महासत्ता’ असं लिहीन.

‘आर्थिक महासत्ता’, ‘क्रिकेटमधली महासत्ता’ असा सढळ वापर मला खटकतो. भारत ‘२०२० पर्यंत महासत्ता’ होणार, हे वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षं घोळवलं गेलं. कलामांनी मांडलं होतं ते विकसित भारताचं स्वप्न. ब्रिटन, फ्रान्स यांच्यासाठी मराठी वर्तमानपत्रांचा जुना शब्द ‘बडी राष्ट्रं’ हा आजही चोख आहे, आणि तोच वापरावा.