गोदाम नंतर, आधी माणसं

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातल्या गावात राहते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात एकांकिका केल्या. काकांचं कापसाचं गोदाम रिकामं आहे. तिथे नाटक, गाणी, वहीगायन (आमच्या खानदेशातला लोकगायनाचा प्रकार) यांसाठी सगळ्यांचं केंद्र सुरू करायचंय. शेत गहाण ठेवून स्टेज आणि लाइट करू का? बाबा म्हणतात, बी.एड. कर.

उत्तर : शेत गहाण ठेवू नकोस. याबाबत मी पूर्णपणे बाबांच्या बाजूने आहे. बाकी गोष्टींत मात्र तुझ्या.

आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की कर. तुला रंगमंचावर उभं राहायचंय की लोकांना एकत्र आणायचंय? अभिनय किंवा दिग्दर्शन शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाची अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स बघ, प्रवेशाची तयारी आत्तापासून कर. केंद्र चालवणं हे वेगळं काम आहे. त्यात फोन करणं, हिशेब लिहिणं, रुसलेल्या कलाकाराची समजूत काढणं, सतरंज्या झाडणं हेच जास्त असतं. तुझ्या मूळ, लांबलचक पत्रात स्वतःच्या भूमिकांबद्दल एकच ओळ आहे आणि गावच्या वहीगायकांबद्दल अर्धं पान. मला वाटतं, तुझा कल दुसऱ्या कामाकडे आहे.

मग गोदामाला हात लावण्याआधी वर्षभर महिन्यातली एक संध्याकाळ ठरवून घे. मारुतीच्या पारावर, शाळेच्या पटांगणात, कुठेही चालेल. तारीख मात्र चुकवायची नाही. श्रावणात कानबाई देवीची गाणी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी, एखाद्या महिन्यात अहिराणीत बसवलेली एकांकिका. कापूसवेचणीच्या दिवसांत लोक दमलेले असतात, तेव्हा कार्यक्रम छोटा ठेव. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली कोणी टिकणार नाही, तेव्हा उघड्यावर अंधार पडल्यावरच बसवायचं. ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद.

कलाकाराला मानधन दे, कितीही थोडं असलं तरी. म्हाताऱ्या गायकाला नारळ-शाल देऊन पाठवायचं आणि मांडववाल्याचे पैसे रोख चुकवायचे, हे मला फार खटकतं.

माणसं टिकली की नोंदणी कर. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात किमान ७ सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात, म्हणजे तुला जळगावला. नंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. सातही जण घरचे नकोत. वहीगायकांपैकी एक आणि दोन-तीन बाया तरी असू देत. काकांकडून गोदामाचा लेखी करार घे, नातं गोड असतानाच. दुसऱ्याचं नाटक करताना लेखकाची लेखी परवानगी आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतात.

यातून पहिली काही वर्षं तुझं पोट भरणार नाही. म्हणून उत्पन्न वेगळं हवं. शिकवायला आवडत असेल तर बी.एड. कर, दोनच वर्षं आहेत. शाळेतली मुलं म्हणजे तुझे पहिले नट. आवडत नसेल तर नको, मग अर्धा दिवस मोकळा ठेवणारी कुठलीही नोकरी बघ.

बाबांना एवढंच सांग, की शेताचा सातबारा तसाच राहील आणि वर्षभर त्यांनी प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसावं. गोदामाचं काय ते त्यानंतर तू, बाबा आणि काका तिघांनी मिळून ठरवा.