इंग्रजीतला ‘इनिक्विटी’ (iniquity) म्हणजे नेमकं काय? ‘इनजस्टिस’ आणि हा एकच शब्द आहे का?

एकच नाही. ‘इनजस्टिस’ म्हणजे कुठलाही अन्याय, लहान किंवा मोठा. ‘इनिक्विटी’त अन्यायाबरोबर पापही येतं. मला मराठीत सर्वात जवळचा वाटतो तो ‘अधर्म’. संदर्भ पाहून ‘घोर अन्याय’ किंवा ‘पापाचार’ही चालेल. मूळ लॅटिन आहे: ‘इन’ म्हणजे नाही आणि ‘ईक्वस’ म्हणजे समान, न्याय्य.

वापर कळायला एक खरं उदाहरण घ्या. 2 मार्च 1930 रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहिलं. त्यात गरिबाच्या दृष्टीने मिठावरचा कर सगळ्यांत ‘इनिक्विटस’ आहे, असं म्हटलं. हे याच शब्दाचं विशेषण. कर जड आहे, एवढंच त्यांना सांगायचं नव्हतं. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्याला श्रीमंतापेक्षा मीठ जास्तच लागतं, म्हणजे कराचा बोजाही त्याच्याच माथी जास्त. इथे साधा ‘अनफेअर’ शब्द फार मवाळ वाटला असता. पुढे दांडीयात्रा झाली, आपल्याकडे शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला.

बोलताना हा शब्द क्वचितच ऐकू येतो. बायबल, कोर्टाचे निकाल, गंभीर लेख, भाषणं यांत भेटतो. ‘डेन ऑफ इनिक्विटी’ म्हणजे पापाचा अड्डा. रांगेत कुणी पुढे घुसलं तर मात्र हा शब्द वापरू नका, तिथे तो फार जड होतो.

आणि ‘इनइक्विटी’शी (inequity) गल्लत करू नका! एका स्वराचा फरक आहे, पण त्याचा अर्थ वाटपातली विषमता. एका वॉर्डात रोज पाणी आणि शेजारच्या वॉर्डात दिवसाआड, ही ‘इनइक्विटी’.