शिंगं काढा, ढाली रंगवा

वायकिंग फौजेबद्दलचे प्रश्न बरेच साचलेत. बहुतेक जण 'सागा' हा टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायचा लढाईचा खेळ खेळणारे आहेत, म्हणून उत्तरंही २८ मिमी उंचीचे सैनिक डोळ्यांसमोर ठेवूनच देतो.

साठ सैनिकांचा प्लॅस्टिकचा बॉक्स मागवला आणि आता तो उघडायचीच धास्ती वाटते. सगळे रंगवावे लागतील का? – पुणे

मुळीच नाही. आधी हिशेब करा, मग कटर हातात घ्या. 'सागा'त एका पॉइंटाला चार हिर्डमेन मिळतात, म्हणजे सरदाराचे खासे लढवय्ये. किंवा आठ बाँडी, म्हणजे स्वतःची जमीन असलेले शेतकरी. किंवा बारा थ्रॉल, म्हणजे गुलाम. सरदार फुकट. नेहमीचा डाव सहा पॉइंटांचा असतो, पण पहिली फौज चारचीच करा: दोन पॉइंट हिर्डमेन, दोन पॉइंट बाँडी. आठ अधिक सोळा, वर सरदार. पंचवीस झाले. उरलेले बॉक्समध्ये झोपू द्या.

थ्रॉल मी मुद्दाम गाळलेत. बारा जण रंगवायचे आणि त्यांच्या नावावर सागाचा एकही फासा (ज्यावर फौजेच्या चाली ठरतात) मिळत नाही, हा सौदा नवख्याला परवडत नाही.

चिलखत घातलेले वेगळे काढा, ते हिर्डमेन. दिसायला भारी असले तरी रंगवायला हेच सोपे. कड्यांच्या चिलखतावर काळपट धातूचा रंग, त्यावर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), वाळल्यावर चंदेरी ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), संपलं. वेळ खातात ते बाँडी, कारण अंगरखा, विजार, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, पट्टा, थैली असं सगळं त्यांच्या अंगावर असतं. म्हणून आठ-आठचे घाणे काढा आणि पहिला घाणा बाँडींचा. सरदार सगळ्यांत शेवटी, हात बसल्यावर. आणि ढाली आत्ताच चिकटवू नका. त्या मागं ब्रश जात नाही.

मुलाला शिंगवाले वायकिंग हवेत. शिंगं खरंच नव्हती? – सोलापूर

नव्हती. ती रूढ झाली १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला, वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डप्लरने केलेल्या पोशाखांमुळे. डेन्मार्कात वेक्स्यो इथं शिंगवाली शिरस्त्राणं सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, वायकिंगांच्या सुमारे १७०० वर्षं आधीची. खरं वायकिंग शिरस्त्राण बघायचं तर नॉर्वेत ग्येर्मुन्बूला १९४३ साली सापडलेलं बघा: गोल लोखंडी टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. मुलगा ऐकतच नसेल तर एका बर्सर्करला, म्हणजे बेभान होऊन लढणाऱ्या वायकिंगाला, शिंगं लावून द्या. घरातली शांतता इतिहासापेक्षा मोठी.

वायकिंगांना गणवेश नव्हता म्हणून प्रत्येक सैनिक वेगळ्या रंगात केला. आता फौज रंगपंचमी खेळून आल्यासारखी दिसते! – डोंबिवली

गणवेश नव्हता हे खरं, पण हवा तो रंगही मिळत नव्हता. गरिबाच्या अंगावर न रंगवलेली लोकर, म्हणजे पांढुरकी, करडी, तपकिरी. रंगवायची तर लाल मिळे मॅडरच्या मुळांपासून, जी आपल्या मंजिष्ठेची बहीण. पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून. निळा वोड नावाच्या झाडापासून, आणि त्यातलं रंगद्रव्य तेच जे आपल्या नीळीत असतं. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाज-दफनात वोडच्या बिया सापडल्या आहेत. ते दफन ८३४ सालचं.

तेव्हा फौजेसाठी सहा रंग ठरवा: तीन लोकरीचे, शिवाय विटकरी लाल, मळका निळा आणि मातकट पिवळा. एका बाँडीच्या अंगावर लोकरीचे दोन आणि झाडाचा एक, बस. हिर्डमेनला झाडाचे दोन द्या, पैसेवाले आहेत. चामडं मात्र सगळ्यांचं एकाच तपकिरीत, आणि शेवटी सगळ्यांवरून एकच तपकिरी वॉश. झालेले सैनिक पुसून काढायची गरज नाही. त्यांच्यावरही तोच वॉश फिरवा, भडकपणा निम्मा उतरतो.

आता ढाली. टेबलावर फौज हातभर लांबून दिसते. तिथून डोळे, बोटं, बकल काही दिसत नाही. दिसतात ढाली. नॉर्वेत गोकस्ताडचं जहाज १८८० साली उकरलं तेव्हा त्यावर ६४ ढाली निघाल्या, दोन्ही बाजूंना ३२-३२, एक पिवळी, एक काळी, अशा आलटून पालटून. प्रत्येक ढाल सुमारे ९४ सेंमीची, म्हणजे आपल्या मापात १६-१७ मिमी, साधारण शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. मी माझ्या हिर्डमेनला हेच दोन रंग दिले. कपडे प्रत्येकाचे वेगळे आहेत, तरी कुणालाही लांबून कळतं की हे आठ एका सरदाराचे.

पिवळा काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थरावर, कधीच बसत नाही, पाच हात दिले तरी खालचं डोकावतंच. आधी फिकट तपकिरी, मग गेरूसारखा पिवळा पातळ करून दोन हात. ढाल चार भागांत रंगवायची तर पेन्सिलीने फुली मारा आणि आधी फिकट रंग पूर्ण करा. गडद रंगाने फिकटाची कड सरळ करता येते, उलटं करायला गेलात तर रडाल. मग ०.५ मिमीच्या गडद तपकिरी रेघेने एक-दोन वार काढा आणि प्रत्येक रेघेच्या लगेच खाली तसलीच फिकट रेघ. ही फिकट रेघ ओढली की तो वार खोल दिसायला लागतो. मधली लोखंडी वाटी शेवटी.

जुलैत स्प्रे प्रायमर मारला तर सैनिकांवर रवा सांडल्यासारखा पोत आला. – रत्नागिरी

कोकणात आणि जुलैत, दोन्ही एकदम! हवेत एवढी ओल असताना स्प्रे नीट बसत नाही. मे महिन्यातल्या भर दुपारीही तोच घोटाळा, तेव्हा थेंब हवेतच वाळून पोचतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कॅन कपाटात ठेवा आणि ब्रशने लावायचा प्रायमर आणा. दोन पातळ हात, आणि पूर्ण एक दिवस त्यांना हात लावू नका.

प्रायमर बिघडला तर निदान तो पहिलाच थर असतो. मी एकदा पावसाची उघडीप बघून गॅलरीत बारा रंगवून झालेल्या बाँडींवर मॅट वार्निशचा स्प्रे मारला. चहा पिऊन आलो तर सगळे पीठगिरणीतून बाहेर पडल्यासारखे पांढरे. तीन आठवड्यांचं काम. ब्रशने चकचकीत वार्निशचा एक हात दिल्यावर बहुतेकांचे रंग परत आले, मग वरून ब्रशनेच मॅट. दोघे वाचले नाहीत, ते आता माझ्या फौजेत पडलेल्यांचे खूण-सैनिक आहेत.

तुमच्या सैनिकांवरचा रवा काढायचा तर डेटॉल, पाणी न घालता, रात्रभर बुडवून. हातमोजे घाला, जुन्या टूथब्रशने घासा आणि खळखळायचं तेही आधी डेटॉलमध्येच. तसेच नळाखाली धराल तर चिकट लगदा होतो. हे प्लॅस्टिक आणि धातूच्या सैनिकांपुरतं. रेझिनवर करू नका.

काका, मी दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे पोस्टर कलरने रंगवतो. वायकिंगला तेच चालतील का? – नाशिक, इयत्ता आठवी

नाही रे. मावळे किल्ल्यावर ठेवले की पाडव्यापर्यंत कुणी हलवत नाही. हे सैनिक प्रत्येक डावात शंभरदा उचलले जाणार, पोस्टर कलर घामानेच निघेल. अॅक्रिलिक घे. सुरुवातीला सहा बाटल्या आणि एक वॉश पुरे. बाकीचं घरात आहे. धरायला औषधाच्या बाटलीची टोपणं, पॅलेटला चपट्या डब्यात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर. बेससाठी, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीसाठी, बांधकामाची वाळू आईच्या परवानगीने चहाच्या गाळणीतून गाळून घे आणि फेविकॉलवर चिकटव. तुझा मातीकामाचा हात तयार आहे, तुझे बेस माझ्यापेक्षा बरे होतील.

यॉर्कच्या संग्रहालयात पितळी पट्ट्यांचं एक सुंदर शिरस्त्राण पाहिलं. माझ्या सरदाराला चालेल? – लीड्स

ते कॉपरगेटचं, १९८२ साली सापडलेलं. आहे मात्र आठव्या शतकातलं आणि वायकिंगांच्या आधी तिथं राहणाऱ्या अँग्लियन लोकांचं. वायकिंगांनी यॉर्क घेतलं ८६६ मध्ये. तेव्हा शंभर वर्षं जुनी लूट म्हणून खुशाल घाला, फक्त पितळ जरा काळवंडलेलं रंगवा.

लुटीवरून आठवलं. सरदाराच्या बेसवर रिकामी जागा असेल तर एक छोटी पेटी ठेवा. स्वीडनमधल्या हेल्ग्यो बेटावर १९५०च्या दशकात बुद्धाची कांस्यमूर्ती मिळाली, साधारण सहाव्या शतकातली, स्वात-काश्मीरकडे घडवलेली. ती लुटीतून नव्हे, व्यापारात हातोहात तिथं पोचली असावी. उंची आठ सेंमीच्या आसपास, म्हणजे २८ मिमीच्या मापात जेमतेम दीड मिमी. माझ्या पेटीत मी मोहरीचा एक दाणा चिकटवून त्याला कांस्य रंग दिलाय. तो बुद्ध आहे हे प्रत्येक डावात सांगावं लागतं.