माहिती तंत्रज्ञानाचा समाजावर आणि सरकारी धोरणावर खरोखर परिणाम होतो का?

होतो. पण तो लोकांच्या कामी येईल की नाही, हे कायदा ठरवतो. मी गोव्यातल्या पेडण्याचा, त्यामुळे जमिनीचंच उदाहरण देतो.

महाराष्ट्रात सातबारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा. पूर्वी तो बघायलाही कचेरीत खेटे घालावे लागत. आता तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की मोबाईलवर दिसतो. शेजारच्या काकींना त्यांच्या शेताचा उतारा उघडून दिला, तर कब्जेदाराच्या रकान्यात भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि कुळाच्या रकान्यात त्यांचे कधीच वारलेले सासरे. वारसांची नावं चढलेलीच नव्हती. घरातल्या कुणालाही याचा पत्ता नव्हता. बनावट कागदपत्रांवर जमिनी लाटल्याची प्रकरणं गोव्यात इतकी निघाली, की 2022 मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा ठिकाणी घरबसल्या उतारा बघता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आता धोरणाचं बघा. 2023 मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) आलं. कुठली जमीन शेतीची, कुठली वस्तीची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा 2021 मधली ‘चूक’ सुधारायची म्हणून एकेका सर्व्हे नंबरचा झोन, म्हणजे ठरलेला वापर, बदलायची त्यात सोय होती. राजपत्र नेटवर येतं, त्यामुळे पोरं त्यातले नंबर उताऱ्याशी ताडून बघतात आणि ग्रामसभेत जाब विचारतात. पण या कलमात आधी लोकांच्या हरकती मागवायची अटच नव्हती. म्हणजे माहिती हातात आली, तीही निर्णय होऊन गेल्यावर! पुढच्याच वर्षी झोन बदलासाठीच आलेल्या कलम 39-अ मध्ये हरकतींसाठी 30 दिवस दिले, पण सूचना इंग्रजी पीडीएफमध्ये. शेतात राबणारा माणूस ती कधी उघडणार?

गोव्याने माहिती अधिकाराचा कायदा 1997 मध्येच केला, देशाच्या आधी. 2005 च्या केंद्रीय कायद्याचं कलम 4 तर सांगतं की नोंदी संगणकावर आणा आणि कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करा, तेही स्थानिक भाषेचा विचार करून. मग झोन बदलाची प्रत्येक सूचना मराठी-कोंकणीत पंचायतीच्या फलकावर लागलीच पाहिजे. उताऱ्यावरच्या कब्जेदाराला आणि कुळाला मोबाईलवर कळवलं पाहिजे, आणि हरकतीचे 30 दिवस त्यानंतरच मोजायला घेतले पाहिजेत.